चौथा नियम आणि आठ सह्या

महिन्यापूर्वी एका मंगळवारी इथे आखातात, हमरिया फ्री झोनमधल्या आमच्या ऑफिसच्या पॅन्ट्रीत माईक तोंड पाडून बसला होता. माईक आमचा क्वालिटी इन्स्पेक्टर, अमेरिकन, एरवी अखंड बडबड करणारा माणूस. विचारलं तर म्हणाला, गावाकडे एका पिटिशनवर सह्या चालल्यात आणि मला इथून सही करता येत नाही.

मला वाटलं, असेल काहीतरी ऑनलाइन... दोन क्लिक आणि खलास. पण नाही. त्याच्या राज्याला म्हणे स्वतःची वेगळी राज्यघटना आहे. आणि ती बदलायची सूचना साधी माणसंसुद्धा करू शकतात. सुपरमार्केटच्या दारात कागद घेऊन उभं राहायचं, ठरलेल्या संख्येइतक्या सह्या जमवायच्या, की तो प्रश्न थेट मतदानाला जातो. आमदारांनी तो मांडायची वाट बघत बसायचं नाही. फक्त सही समोरासमोर करावी लागते, आणि हा पडला इथे.

मी चहा गार होईपर्यंत प्रश्न विचारत बसले. राज्याला वेगळी घटना कशाला? कोणीही उठून काहीही बदलायला लागलं तर? तो म्हणाला, हो, कधीकधी येडपटासारखे बदलही होतात. मग एक गोष्ट सांगितली, ती डोक्यातच बसली. त्याने एकदा एका पिटिशनवर सही केली होती आणि पुढे मत मात्र विरोधात दिलं होतं! सही म्हणजे होकार नाही, म्हणाला. सही म्हणजे, हा प्रश्न सगळ्यांना विचारा.

उम्म अल कुवैनला घरी येईपर्यंत मी त्याच वाक्याचा विचार करत होते. कारण आमचीही एक 'घटना' आहे...

आम्ही इथली चोवीस मराठी घरं. दरवर्षी कोणाच्या तरी हॉलमध्ये एकत्र गणपती बसवतो. नियमांची चार पानी पीडीएफ आहे, तिला आम्ही हौसेने घटना म्हणतो. त्यातला चौथा नियम: सहभाग फक्त कुटुंबासह राहणाऱ्यांना.

या नियमात यंदा अडकले शिर्केदादा. नऊ वर्षं आमचं मखर त्यांनी केलं. एप्रिलमध्ये लेकीच्या बारावीसाठी वहिनी तिला घेऊन पुण्याला परत गेल्या, दादांनी फ्लॅट सोडला आणि शेअरिंगच्या खोलीत राहायला गेले. म्हणजे इथल्या भाषेत, वयाच्या बावन्नाव्या वर्षी बॅचलर झाले. कमिटीने हात जोडून नियम दाखवला. दादा म्हणाले, नियम म्हणजे नियम, आणि व्हॉट्सॲप ग्रुपमधून बाहेर पडले. मला भयंकर वाईट वाटलं होतं, पण गप्प बसले होते.

आमच्या घटनेत बदल फक्त कमिटी सुचवू शकते. मी अध्यक्ष देसाई सरांना फोन केला. म्हटलं, एक तृतीयांश घरांनी सही दिली तर चौथा नियम बदलायचा का यावर मतदान घ्याल का? सर खूप हसले. मग म्हणाले, "आणा आठ सह्या, बघू."

यल्ला, चला! दारोदार कागद घेऊन फिरायची इथे सोय नाही, म्हणून ओळखीच्या घरी चहाला जाऊन सह्या घेतल्या. माझ्या लेकाने विचारलं, "आई, व्हाय कान्ट ही जस्ट कम?"

सात सह्या झाल्या. आठव्या शुभांगीवहिनी. त्यांना भीती, की एकाला घेतलं तर उद्या अनोळखी माणसांनी घर भरेल. घरात दोन मुली आहेत, भीती खोटी नव्हती. मी माईकचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी पेन घेतलं. "सही करते, पण मत देईनच असं नाही हं!"

कागद घेऊन मी हौसेने शिर्केदादांच्या वर्कशॉपवर गेले. वाटलं, खूश होतील. त्यांनी सगळ्या सह्या वाचल्या आणि कागद परत दिला.

"चौथा नियम मीच लिहिलाय," ते म्हणाले. "लेक लहान होती. हॉल छोटा, एकटे राहणारे सातआठ जण यायचे, आमच्या हिला अवघडायला व्हायचं. मीच म्हटलं, फॅमिलीच ठेवू. आपणही कधी एकटे राहू, असं मनातसुद्धा आलं नव्हतं."

निघताना मी फक्त शनिवारच्या मतदानाची वेळ सांगितली.

शनिवारी दुपारी देसाई सरांच्या घरी चिठ्ठ्या टाकल्या. पंधरा विरुद्ध नऊ, नियम बदलला: एकटे राहणारेही चालतील. शुभांगीवहिनींनी कुठे मत दिलं ते मी विचारलं नाही. दादांना फोन केला, ते तासाभरात आले.

मला वाटलं, आता मखराचं बोलतील. पण ते सरांना म्हणाले, "आजवर ज्यांना नाही म्हटलं, त्यांची नावं आहेत का?"

सरांच्या जुन्या ईमेलमध्ये अकरा नावं निघाली. दादा तिथेच सोफ्यावर बसून एकेक नंबर लावत गेले. बरेच बंद होते, माणसं कधीच देशात परतली असणार. सातवा नंबर लागला. फुजैरा पोर्टवरचे एक क्रेन ऑपरेटर.

"मी शिर्के. सहा वर्षांपूर्वी तुम्हाला गणपतीला येऊ नका म्हटलं होतं, तो मीच. यंदा याल का?"

माईक, तुला मराठी वाचता येत नाही, तरी थँक यू रे. तुझ्या राज्यातलं बरं-वाईट मला कळत नाही. पण नुसता प्रश्न विचारायला मिळाला तरी किती अडलेलं सुटतं, हे पहिल्यांदा बघितलं.

फोन स्पीकरवर होता. पलीकडून बिचकत आवाज आला, "फॅमिली अजून गावालाच आहे हो माझी... चालेल?"

दादांनी फोन माझ्या हातात दिला.

मी म्हटलं, "चालेल. आता तसं लिहिलेलंच आहे."