पुढच्या चाकांची बेअरिंगं

माझी बायको सरू आणि मी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे आमच्या जुन्या अँबॅसेडरच्या पुढच्या चाकांची बेअरिंगं बदलणं. लई वर्षं झाली त्याला. काल गॅरेजात कुणीतरी ग्रीसचा डबा उघडला आणि त्या वासानं ती दुपार पुन्हा अंगावर आली.

होटगीहून येताना चाकं घूं घूं आवाज करायला लागली होती. झिजलेली बेअरिंगं मी ठोकून काढली. सरू दारात बसून नव्यांत ग्रीस भरत होती. तळव्यावर ग्रीसचा गोळा घ्यायचा आणि बेअरिंग त्यावर दाबत राहायचं, वरून ग्रीस निघेपर्यंत. हे काम तिचंच, माझी बोटं जाड.

“अवो, गाडीचं करता तेवढं माझं केलं असतं, तर मी बी पळाले असते की,” ती म्हणाली.

“तुला कुटं पळायचंय?”

ती हसली, आणि बेअरिंग हातातून सुटून मातीत पडलं. उचलायला गेली तर बोटं मिटेनात. मी म्हटलं, डॉक्टरकडं चल.

“मुंग्या आल्यात नुसत्या. चाक बसवा गुमान.”

बाहेर रणरणतं ऊन, आणि तिचा हात धरला तर गार. तेव्हा वाटलं, दमली असेल. आता वाटतं, ती निघालीच होती.

चाकं बसली. ती हात न धुताच आडवी झाली, ती सकाळी उठलीच नाही.

आंघोळ घालायला आलेल्या बाया म्हणाल्या, साबणानं हाताचं ग्रीस निघंना. मी त्यांना बाहेर बसवलं, वाटीत रॉकेल घेतलं आणि तिचं एकेक बोट पुसलं. नखांतलं ग्रीस काडीनं काढलं. मग बायांना आत बोलावलं.