हुकलेल्या फटक्याची टाळी

भवानी पेठेत आमच्या घराखाली टॉवेल-चादरींचं दुकान चालवणाऱ्या बाईंना मी गोल्फ शिकवलं, असं मी सगळ्यांना सांगतो. मी स्वतः गोल्फचं मैदान कधी पाहिलेलं नाही. घरचा टीव्ही बायकोच्या ताब्यात असल्यामुळे महिलांच्या मोठमोठ्या स्पर्धा मी या दुकानाच्या पायरीवर मोबाइलवर बघतो आणि जगातल्या अव्वल खेळाडूंच्या चुका मोठ्यानं काढतो.

बाई घड्या घालत ऐकतात. घडीवर तळवा फिरवायचा, मगच बोलायचं, ही त्यांची रीत. पहिली कोण आली, हे त्यांनी कधीच विचारलं नाही. पण चेंडू भोकाजवळून निघून गेला आणि तरी प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या, की त्यांचा हात थांबतो.

"चुकली तरी वाजवतेत की वो सर! अन् ती बी टोपीला हात लावती. लई शाणी माणसं."

परवा एका नामवंत खेळाडूचा अगदी जवळचा फटका हुकला. मी भडकलो. "एवढं तर मीसुद्धा घातलं असतं!"

"मग घाला की सर."

बाईंनी वरचे टॉवेल काढायची आकड्याची काठी माझ्या हातात दिली, डब्यातलं लिंबू फरशीवर ठेवलं आणि थोड्या अंतरावर पेला आडवा केला. गिऱ्हाइकं थांबली. लिंबू पेल्याला वळसा घालून थेट गटारात गेलं.

कुणी हसायच्या आत बाईंनी गंभीर चेहऱ्यानं, दोन बोटांनी तळव्यावर हलकेच टाळ्या वाजवल्या. मीही मोठ्या रुबाबात टोपीला हात लावला.

डोक्यावर टोपी नव्हती.