गोठलेल्या धबधब्याला कान लावून

माझी आई सायखेड्याची. लग्न होऊन नाशिकला आली त्याला चाळीसेक वर्षं झाली, तरी आनंद झाला की तिच्या तोंडून 'लय' निघायचंच. वडील ते कधी सोडायचे नाहीत. "आलं सायखेडं!" म्हणायचे, पाहुण्यांसमोरसुद्धा. पाहुणे हसायचे. मग आईही हसायची.

कडाक्याच्या थंडीत तिच्या माहेरी द्राक्षबागांतून शेकोट्या पेटवतात. अशाच एका पहाटे, लहानपणी, तिनं शेतातल्या पाइपावर गोठलेलं दव पाहिलं होतं. नखानं खरवडून जिभेवर ठेवलं होतं. बर्फाशी तिची ओळख एवढीच. गोठलेला धबधबा तिनं पहिल्यांदा पाहिला तो माझ्या मोबाइलवर. बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "खरंच असतो का गं असा? पडता पडता थांबलेला?"

त्या जानेवारीत मी दोघांना घेऊन गेले. मनालीच्या पुढे, बोगद्याच्या पलीकडे एक गाव आहे. तिथून धबधब्यापर्यंत बर्फातून चालत जावं लागतं. भाड्याचे गमबूट आणि गुडघ्यापर्यंतचा लाल कोट घालून आई निघाली. वडील पुढे. "ही पोचेपर्यंत उन्हाळा लागेल," असं ते आमच्या सहलीच्या बसमधल्या लोकांना मागे वळून वळून सांगत होते. आईनं माझा हात धरला होता, पण तिचं लक्ष वडिलांकडे नव्हतंच.

वळण घेतलं आणि समोर तो दिसला. काळ्या कड्यावरून खाली उतरलेला, पांढरा, मध्येच निळसर, झुंबरासारखा. बर्फाचे जाड सुळे एकमेकांत वितळून पुन्हा गोठलेले. खालच्या खडकांवर साखर ओतल्यासारखा भुसभुशीत ढीग. ऊन नुकतंच कड्याच्या टोकाला पोचलं होतं आणि तेवढाच भाग मधासारखा दिसत होता. कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं.

आई माझा हात सोडून पुढे गेली. हातमोजा काढला, बर्फाला तळवा लावला, मग कान लावला.

"आतून वाहतंय गं," ती म्हणाली. तिचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. "लय जोरात वाहतंय. ऐक तर."

मीही कान लावला. आत पाणी होतं. बंद खोलीत कुणीतरी नळ सोडून गेल्यासारखा आवाज. आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो.

"अगं ए, इकडे बघ!" वडील ओरडले. मोबाइल धरून ते उभे होते. आई हसत वळली. वळताना पाय सटकला आणि ती हातावर पडली. उठायला गेली, पुन्हा घसरली. कोट डोक्यावर आला. वडील हसत होते. मोबाइल खाली घेतला नाही. "बघा, बघा, सायखेड्याची म्हैस बर्फात!" बसमधले दोघेतिघेही हसले. मी तिच्यापर्यंत पोचायच्या आत तिथला एक घोडेवाला धावला. "माताजी, हाथ दो," म्हणाला. तिला हात देता आला नाही.

"नाटकं पुरे," वडील म्हणाले. "अजून रोपवे बघायचाय."

ते बसमधून पुढे गेले. मी आईला घेऊन मनालीच्या दवाखान्यात गेले. मनगट मोडलं होतं. प्लास्टर घातलं. डॉक्टरांनी कुठे पडलात म्हणून विचारलं, तेव्हा फक्त धबधब्याचं सांगत राहिली. आम्ही बाहेर येईपर्यंत व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर पडला होता. खाली हसून हसून रडणाऱ्या चेहऱ्यांची रांग. त्यात तिच्या सख्ख्या भावाचाही एक.

नाशिकला परतल्यावर जो येईल त्याला वडील तो व्हिडिओ टीव्हीवर दाखवायचे. प्लास्टरमधला हात सांभाळत आई चहा आणून ठेवायची आणि आत जायची. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायकांनीही तोच मागितला. वडिलांनी लावला. बायका हसल्या, एकीला ठसका लागला.

आई दारात उभी होती. हसणं थांबल्यावर म्हणाली, "अहो, त्याच्या आधीचं दाखवा ना. मी कान लावून उभी होते ते. तुम्ही तेव्हापासूनच काढत होता."

"ते कापलं मी," वडील म्हणाले. "मोबाइलमध्ये जागा नव्हती. आणि त्यात होतं काय? नुसती उभी होतीस."

आईनं मान हलवली आणि बायकांना तिळगूळ द्यायला सुरुवात केली, डाव्या हातानं.

हात जुळला, पण वाकडा. भाकरी आता तिला पूर्वीसारखी पातळ थापता येत नाही. वडील रोज ती उचलून उजेडाकडे धरतात आणि नावं ठेवतात. माझ्याकडे राहायला चल म्हटलं तर आई नको म्हणाली. "या वयात कुठं जायचं," एवढंच. मात्र घरात तिचं 'लय' पुन्हा ऐकू आलं नाही. वडिलांशी बोलताना तर ती अगदी पुस्तकातल्यासारखं बोलते.

पुढच्या हिवाळ्यात वडिलांनी केरळच्या सहलीचं काढलं.

"तुम्ही जाऊन या," आई म्हणाली. तिनं त्यांची बॅग भरून दिली, वाटेसाठी दशम्याही बांधल्या. ते एकटेच गेले आणि आठवड्यानं उन्हानं रापून परत आले. सहलीत कुणी फारसं बोललं नसावं त्यांच्याशी, कारण चपला काढायच्या आधीच सांगायला लागले. आई टेबलाशी मेथी निवडत बसली होती. त्यांनी मोबाइल तिच्यासमोर धरला.

"बघ तरी. समुद्र बघ, होडी बघ."

"चष्मा नाहीये माझ्याकडे," आई म्हणाली.

चष्मा तिच्या डोळ्यांवर होता. वडील थोडा वेळ तसेच हात पुढे करून उभे राहिले. तिनं मेथीची पुढची काडी उचलली.