शेतातल्या झाडाला गेरूचा पट्टा

मंडळी, मी हाताने फर्निचर बनवते. आज डायनिंग टेबलासाठी लाकूड बघायला हडपसरच्या एका वखारीत गेले होते. ग्राहकाला लाकूड इथलंच हवंय, आणि त्यात सुंदर रेषाही हव्यात.

वखारवाल्या काकांनी शिरीषाची एक फळी काढली, कडेच्या सालीसकट. ओल्या फडक्याने पुसल्यावर रेषा अशा काही उमटल्या, की मी नुसती हात फिरवत बसले.

"झाड कुठलं, काका?"

"शेतातलं. आमच्या पाहुण्यांचं."

फळी उलटी केली, तर सालीवर चुन्याचा आणि गेरूचा पट्टा. रस्त्याकडेच्या झाडांना मारतात ना, तोच.

"शेतात असे पट्टे कोण मारतं हो?"

"असते एकेकाला हौस. ताई, तुम्हाला टेबल करायचंय की चौकशी?"

मी नमस्कार करून निघाले. गाडी काढताना मागे पाहिलं, तर काका कोयत्याने फळीची साल सोलत होते.

आता ती फळी कुणीही बिनधास्त घेईल. शेतातलीच आहे म्हणे.

तुमच्या रस्त्यावरची झाडं सगळी जागेवर आहेत ना? जरा खिडकीतून बघून सांगता?