मापाला नेलेलं मनगट

"थांबा. आधी हिच्या हाताला कायतरी गुंडाळा," वैनीबाय दुकानदाराला म्हणाल्या.

पणजीतलं घड्याळांचं दुकान. काचेवर काळी मखमल, तिच्यावर हिऱ्यांची तीन घड्याळं. माझा हात पुढे केलेला. दुकानदाराला आधी कळलंच नाही. मग त्याने एक पातळ प्लास्टिकची पिशवी घेतली, माझ्या मनगटाला गुंडाळली, चिकटपट्टी लावली. मान वर करून माझ्याकडे बघितलं नाही.

मी वीस वर्षांची होते. आम्ही मूळचे सावंतवाडीकडचे. बाबा साखळीजवळच्या खाणीवर मजूर. वैनीबाय त्या खाणीच्या मालकाची बायको. मी त्यांचं अंगण झाडायची, मागल्या दारी कपडे धुवायची. आमच्या जातीला उंबरठ्याच्या आत पाय नव्हता. पाणी प्यायला ओंजळ धरायची, त्या वरून ओतायच्या.

त्यांची मुलगी माझ्याच वयाची. मुंबईला शिकायला. तिचं लग्न ठरलं होतं आणि तिला न सांगता घड्याळ घ्यायचं होतं. तिच्या टाकलेल्या बांगड्या मला बरोबर व्हायच्या. म्हणून मापाला मी. गाडीत सीटवर वर्तमानपत्र घालून मला बसवलं होतं.

पहिलं घड्याळ चौकोनी. दुसऱ्याची तबकडी निळी, भोवती हिऱ्यांची ओळ. बाजारात वांगं उलटंसुलटं करून बघावं तसा वैनीबाय माझा हात फिरवायला लावत होत्या. स्वतः शिवत नव्हत्या.

"निळं हाताला शोभतं," दुकानदार सवयीने बोलून गेला.

"हिच्या हाताला काय शोभतं ते सोडा. गोरा हात डोळ्यांसमोर आणा."

दुकानदार हसला. मीही हसले. खरंच हसले. आज सांगतानाही त्या हसण्याची शिसारी येते.

निळंच ठरलं. पण पट्ट्याच्या कड्या किती काढायच्या ते प्लास्टिकवरून कळेना. घड्याळ सरकत होतं. दुकानदार म्हणाला, "बाई, हे काढल्याशिवाय बरोबर माप येणार नाही."

वैनीबायनी कपाळाला आठ्या घातल्या. "काढा तर. मागीर घड्याळ स्पिरिटान पुसा. दोनदा."

त्याने चिकटपट्टी ओढली. आत माझं मनगट घामेजलं होतं. मी त्या मनगटाकडे बघितलं. सकाळी साबण लावून तीन वेळा धुतलेलं. स्वच्छ. रोज यांचे कपडे याच हातांनी पांढरे होतात आणि तेच कपडे अंगाला लावून वैनीबाय देवळात जातात. मग घाण कुठे आहे? हे मला वीस वर्षांत कधी विचारायला सुचलं नव्हतं.

मी हात मागे घेतला.

"काय गो?"

"नाय. मी हात देवचंय नाय."

"परत सांग."

"नाय."

वैनीबाय ओरडल्या नाहीत. अंदाजाने कड्या काढायला सांगितल्या, घड्याळ घेतलं आणि गाडीत बसून निघून गेल्या. मी बसने साखळीला आले.

बाबांना दुसऱ्या दिवशी कामावरून घालवलं. ते दारात बसून राहिले. आयेने मला मारलं. मग ती मालकाच्या अंगणात जाऊन वैनीबायसमोर जमिनीवर डोकं टेकून आली. बाबांना काम परत मिळालं. माझ्या जागी आये झाडू लागली. लग्नात उष्ट्या पत्रावळी तिनेच उचलल्या.

त्या संध्याकाळी ती म्हणाली, "तुझ्या नाय म्हणण्यान काय झाला? तुझो हात वाचलो, माझी मान वाकली."

ती मरेपर्यंत तिथेच झाडत राहिली. बाबा खाणीच्या धुळीने खोकत गेले. माझ्या नाहीने कुणाचं काही बदललं नाही. आज मी डिचोलीला काजू फोडते. नवरा काम असेल तेव्हा ट्रकवर जातो, नसेल तेव्हा घरी बसतो.

गेल्या महिन्यात वैनीबायची मुलगी आमच्या दारात आली. वैनीबाय अंथरुणाला खिळल्यात, अंगण झाडायला कुणी नाही, म्हणाली. "तू येत नसशील तर तुझ्या मुलीला पाठव. घरचीच आहात तुम्ही."

माझी मुलगी आत अभ्यास करत होती. ती उठून बाहेर येऊ लागली. मी तिला आतच थांबवलं आणि उंबरठ्यावर उभी राहिले.

"नाय," मी म्हटलं.

घरात चूल पेटली नाही तरी माझी मुलगी ते अंगण झाडणार नाही. तिच्यासाठी मान वाकवायला मी जाणार नाही, आणि दुसऱ्या कुणाला जाऊ देणार नाही.