पाने उचलणे : नेहमीप्रमाणे अप्पा

सर्वप्रथम क्षमा मागते. लिहिण्याचे धाडस मी करावे की नाही, याचा पंधरा दिवस विचार केला. मराठी मी शाळेत शिकलेली नाही. जन्म चेन्नईजवळच्या तांबरमच्या रेल्वे वसाहतीतला, शिक्षण इंग्रजीतले. आईने घरी जी पुस्तके वाचायला लावली, तेवढ्यावर माझी भाषा उभी आहे. पस्तिशीपर्यंत तिच्यात पत्रांखेरीज काही लिहिले नाही. चुका असतील. त्या माझ्या.

आपल्या चेन्नईतल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सव अंकासाठी कार्यवाह काकूंनी प्रवासवर्णन मागितले. फोनवर म्हणाल्या, "आमच्या सलीलने वेल्सचे फोटो दाखवले ग. काय तो समुद्र! तू अभ्यासू मुलगी, छानसं लिहून दे." सलील त्यांचा भाचा.

ते फोटो मी काढलेले आहेत. एकातही मी नाही. का नाही, तेवढेच लिहिते.

नऊ वर्षे गिंडीतल्या कारखान्यात नोकरी केल्यावर शिष्यवृत्ती मिळाली आणि मी वर्षभरासाठी तिकडे शिकायला गेले. त्याच विद्यापीठात सलील आणि मैत्रेयी होते. दोघेही अण्णा नगरचे, बँकेतल्या अधिकाऱ्यांची मुले, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. मंडळाच्या उत्सवात त्यांना लहानपणापासून पाहिलेले. मला ताई म्हणत. एका शनिवारी किनाऱ्यावरच्या राष्ट्रीय उद्यानात जायचे त्यांनी ठरवले आणि मलाही बोलावले. मी हरखून गेले, हे कबूल करते.

उद्यानाच्या तोंडाशी फलक होता : येथे कचराकुंडी नाही, जे आणाल ते परत न्या. तिथून पुढे कड्याच्या काठाकाठाने पायवाट. एका बाजूला मेंढ्या, दुसऱ्या बाजूला खोल खाली समुद्र. दुपारी गवतावर बसून आम्ही डबे उघडले. मी केलेला तैर सादम, म्हणजे आपला दहीभात, मैत्रेयीचा लिंबूभात, कागदी ताटल्या, चिप्स, केळी. खाली खडकांवर सील पहुडले होते. इतक्या आनंदात मी क्वचितच जेवले असेन.

जेवण संपले. सलीलने सगळ्यांच्या ताटल्या, साली, शीतपेयाचे डबे एका काळ्या पिशवीत कोंबले आणि पिशवी माझ्यापुढे धरली.

"ताई, तू घे. तुमच्याकडे सवय असते."

मैत्रेयी हसत सुटली. "ए, अप्पा आठवले!" ती कमरेत वाकली, हातात नसलेली बादली धरून दोन पावले सरकली आणि घोगरा आवाज काढून म्हणाली, "इलैऽ... इलैऽ..."

सलील हसला.

मीही हसले. हे लिहायलाच हवे. मीही हसले आणि पिशवी घेतली.

अप्पा माझे वडील. तांबरमच्या यार्डात रेल्वेचे डबे धुण्यात त्यांनी बत्तीस वर्षे काढली. मंडळाच्या महाप्रसादाला केळीच्या पानांवर पंगत बसते. ती उठली की अप्पा बादली घेऊन येतात, 'इलै, इलै' म्हणजे 'पान, पान' असे म्हणत वाकतात आणि सगळ्यांची उष्टी पाने उचलतात. माझ्या जन्माआधीपासून. स्वतः शेवटी, स्वयंपाकघराच्या मागे, उभ्याने जेवतात. आमची जात मंडळात कधी कोणी विचारली नाही. आडनावावर भागले. "अप्पांचा हात फार चपळ," असे म्हणतात.

तासभर मी ती पिशवी वाहिली. ती गळत होती. दह्याचे पाणी बुटांवर ठिबकत होते. फोटोची वेळ आली की सलील म्हणे, "ताई, पिशवी नको फ्रेममध्ये." पिशवी माझ्या हातात, म्हणून मीच बाजूला होत असे. आणि बाजूला झालेच आहे, तर फोटोही मीच काढत असे.

एका वळणावर समोरून एक वृद्ध गृहस्थ आले. अंगात उंची कोट, सोबत कुत्रा. कुत्रा वाटेतच बसला. गृहस्थ खाली वाकले, छोट्या पिशवीने घाण उचलली, गाठ मारली, ती बोटाला अडकवली आणि आम्हाला 'गुड आफ्टरनून' म्हणून निघून गेले. त्या देशाची आरती मला ओवाळायची नाही. तिथल्या बसमध्येही माझ्या शेजारची जागा पुष्कळदा रिकामी राहिली. पण त्यांच्या बोटाला अडकवलेली ती पिशवी मी पाहिली. मग माझ्या हातातली पाहिली.

ज्याची त्याने. इतके साधे. मला चौतीस वर्षे लागली.

पुढे एक बाक होता. मी बसले आणि पिशवी उघडली.

"हे काय, ताई?"

मी एकेक वस्तू काढून बाकावर मांडली. सलीलची ताटली, त्याचे शीतपेयाचे दोन डबे. मैत्रेयीची ताटली, चुरगळलेली फॉइल, चिप्सची पाकिटे. माझी एक ताटली आणि एक साल. त्या दोन्ही मी माझ्या रिकाम्या जेवणाच्या डब्यात घातल्या.

"माझं मी घेतलं. तुमचं तुम्ही घ्या."

"अगं, मस्करी केली! एवढं काय लावून घ्यायचं? एक पिशवी तर आहे."

"एवढंच आहे ना? मग घे."

माझा आवाज कापत होता. मी मोठ्याने बोलणारी बाई नाही. मैत्रेयी म्हणाली, "सॉरी ना, ताई. अप्पा तर आम्हाला किती आवडतात."

"त्यांच्या शेजारी बसून कधी जेवलीस?"

समुद्रपक्षी ताटल्यांभोवती उतरू लागले, तेव्हा सलीलने आपली ताटली दोन बोटांच्या चिमटीत उचलली. परतीच्या बसमध्ये ते दोघे पुढे बसले, मी मागे.

आता चेन्नईत परत आले आहे. गेल्या आठवड्यात मंडळाच्या ग्रुपवर उत्सवाच्या कामांची यादी आली. सजावट, आरती, वाढणे, सगळ्यांपुढे यंदाची नवी नावे. शेवटची ओळ : 'पाने उचलणे : नेहमीप्रमाणे अप्पा.' तिच्याखाली अकरा जणांनी जोडलेले हात पाठवले होते. त्यांतले एक जण अप्पा.

मी त्यांना म्हटले, यंदा नाही. ते रागावले. "देवाचं काम आहे ग. सेवा आहे."

"मग काकूंनाही थोडी मिळू द्या ना, अप्पा. सगळी सेवा तुम्हीच का घेता?"

ते हसले नाहीत. मग अडुसष्ट वर्षांचे माझे वडील हळूच म्हणाले, "पहिल्या पंगतीत भात गरम असतो म्हणे."

यंदा अप्पा पहिल्या पंगतीत बसतील. त्यांच्या शेजारी मी. जेवण झाले की आम्ही दोन पाने उचलू. आमची. तिसरे नाही. कोणी रागावले तरी नाही, कोणी देवाचे नाव घेतले तरी नाही. काकू, हे प्रवासवर्णन छापायचे नसेल तर छापू नका. सभागृहाच्या दारात उभी राहून मी ते वाचीन. आवाज कापेल. तरी वाचीन.

आणि अंक हातात घेऊन हे वाचणाऱ्या तुम्हाला विचारते : तुमचे पान कोण उचलणार आहे?