राबाची आग

पोलिसाच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण अजून जीव चरफडतो तो एका जळालेल्या गवती छपरावरून. ती घटना आठवली की समोरचा चहा गार होतो आणि बायको म्हणते, “झालं, चढला यांचा पारा.”

चौक आणि लोधिवली या गावांच्या मधे, जुन्या मुंबई-पुणे महामार्गापासून थोडं आत, भाताची खाचरं बुजवून प्लॉटिंग झालं होतं. मुंबईकरांचे सुट्टीचे बंगले, भोवती भिंत, पुढे कमान आणि गेट. गावकऱ्यांची शेतावर जायची वाट नेमकी त्या गेटातून जात होती. त्यामुळे ज्यांच्या आज्या-पणज्यांनी ती वाट पाडली, त्यांनाही वॉचमन विचारायचा, “किधर जाना है?”

वसाहतीचे अध्यक्ष म्हणजे एक सुशिक्षित, मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले गृहस्थ. दर शनिवारी त्यांचा आमच्या पोलीस ठाण्यात फोन. गावातला कोंबडा पहाटे आरवतो. गुरं रस्त्यात शेण टाकतात. हळदीला बँजो वाजतो. कोंबड्याचं तर त्यांनी कॅमेऱ्याचं फुटेजही पाठवलं होतं. शनिवार उजाडला की आमचा ठाणे अंमलदार फोनकडे बघून कपाळाला हात लावायचा. त्या उन्हाळ्यात नवी तक्रार सुरू झाली, की गावकरी भिंतीलगत कचऱ्याचे ढीग घालतात. त्यात दखलपात्र काय आहे, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

मग एका रविवारी दुपारी आगीचा फोन आला. आम्ही पोहोचेपर्यंत टँकरने आग विझवली होती. क्लबहाऊससमोरचं शोभेचं गवती छप्पर जळून गेलं होतं. माणूस कोणी जखमी नव्हता. अध्यक्ष वाटच बघत होते.

“इन्स्पेक्टर, ही आग लावलेली आहे. आणि कोणी लावली तेही मला माहीत आहे.”

त्यांनी भिंतीपलीकडच्या शेतातल्या तरुणाचं नाव सांगितलं. आदल्याच आठवड्यात गेटवर भांडण झालं होतं आणि तो सगळ्यांदेखत ओरडला होता, “जळतील एक दिस तुमचे बंगले!”

हा तरुण टेंपो चालवायचा. नुकतीच सरकारी खात्यात चालक म्हणून त्याची निवड झाली होती आणि त्याच्या चारित्र्य पडताळणीचे कागद माझ्याच टेबलावर पडले होते. गुन्हा दाखल झाला असता तर नोकरी गेलीच म्हणून समजा. त्याला चौकशीला बोलावलं. सोबत त्याची आई आली आणि बाहेर बाकावर बसून राहिली.

“बोललास का तसं?”

“बोललो सायेब, नाय कशाला म्हनू? आयच्या डोक्यावर पातेऱ्याचा भारा, आन् तो वॉचमन तिच्याकडं आधारकार्ड मागतोय. गेलं तोंडातून.”

“आणि आग?”

“माजाच राब जळला ना सायेब! मी कशाला लावीन?”

राब म्हणजे काय, हे इकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. भाताची रोपं जिथे करायची ती जागा पेरणीआधी भाजून काढतात. शेण, पातेरा म्हणजे वाळका पाला, कवळं म्हणजे झाडाच्या तोडलेल्या पानांच्या डहाळ्या, गवत असे थर रचायचे आणि वर माती पसरायची. माझं आजोळ पळसदरीकडचं, त्यामुळे मला पक्कं ठाऊक होतं. राब पेटवायचा तो सकाळी, वारा पडलेला असताना, म्हणजे तो सावकाश धुमसतो. भर दुपारी, वाऱ्यावर राब पेटवणारा शेतकरी अजून जन्माला यायचाय.

घटनास्थळाचा पंचनामा केला. राब भिंतीच्या बाजूने पेटला होता आणि तिथल्या मातीला पेट्रोलचा वास होता.

“बघा!” अध्यक्ष म्हणाले. “त्याच्याकडे टेंपो आहे.”

“टेंपो डिझेलवर चालतो, साहेब. कॅमेऱ्याचं फुटेज द्या.”

“कॅमेरे दुरुस्तीला गेलेत.”

कोंबडा टिपणारे कॅमेरे आगीच्या वेळी दुरुस्तीला! संध्याकाळी वरून फोन आला, “किरकोळ आहे, गुन्हा दाखल करून मोकळे व्हा.” मी चौकशी चालू असल्याचं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आमच्या बीट हवालदाराने खबर आणली. चौकात चहाच्या टपरीवर तो वॉचमन बसला होता, उजव्या हाताला फडकं बांधलेलं. त्याला आणलं आणि आधी चहा दिला. त्याला उजव्या हातात कप धरता येईना.

“हाथ को क्या हुआ?”

“गिर गया, साब.”

“गिरने से छाले आते हैं?”

तो रडायलाच लागला. “अध्यक्ष साब ने बोला, पुलिस कुछ नहीं करती, तू ही ये कचरा जला दे. घास काटने की मशीन का पेट्रोल डाला. मेरे को क्या मालूम इतना भड़केगा.”

भडकलेल्या राबाच्या ठिणग्या वाऱ्याने भिंतीवरून आल्या आणि छप्पर पेटलं. स्वतःच्या हाताने स्वतःचंच छप्पर जाळून हे लोक शेजाऱ्याला आत टाकायला निघाले होते!

अध्यक्षांना बोलावलं. शरमेचा लवलेश नाही.

“पण तो कचराच होता! शेण आणि पालापाचोळा, म्हणजे दुसरं काय?”

“ती त्यांची भाताची रोपं करायची जागा आहे, साहेब.”

“मग तसा बोर्ड लावायला नको?”

सराईत चोरांवरही मी इतका चिडलो नसेन. दोन्ही हात टेबलाखाली घेतले. जाता जाता ते म्हणाले, “आता हे वाढवू नका. किरकोळ आहे.”

मला त्या तरुणाची फिर्याद घ्यायची होती. त्याची आईच आडवी आली.

“नको सायेब. आमाला रोज तितूनच जायाचं हाय. पोराचा तेवढा दाखला साफ द्या, बास.”

“मावशी, नुकसान तुमचं झालंय.”

“राब परत घालू. पोराची नोकरी परत येनार हाय का?”

फिर्यादीचा कागद मी बाजूला ठेवला. अध्यक्षांनी तक्रार मागे घेतली, जबाब नोंदवून प्रकरण बंद केलं. वॉचमनला मात्र त्यांनी आठवड्याच्या आत कामावरून काढलं. तेवढी शिस्त त्यांच्याकडे होती.

पडताळणीचा अहवाल सही करून वर पाठवला आणि त्या मायलेकांना सांगायला बोलावलं. आईने विचारलं, “काय लिवलंय, वाचून दावा.” मी ठाण्यातल्या प्रतीवरून वाचलं, “सदर इसमाविरुद्ध काहीही प्रतिकूल आढळून आले नाही.”

तिने ते मला दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, “आन् त्या बंगलेवाल्या सायबाच्या दाखल्यावर काय लिवलं?”

“त्यांना दाखला लागत नाही, मावशी.”

“नाय लागत?”

ती माझ्याकडे बघत राहिली. मी पाणी मागवलं.

निवृत्तीनंतर लोक विचारतात, एवढ्या नोकरीत काय शिकलात? या केसने शिकवलं ते एवढंच. ज्याला आपण चांगले असल्याचा कागद लागतो, त्याला आम्ही ठाण्यात बोलावतो. ज्याला तो कधीच लागत नाही, तो आम्हाला बोलावतो.